वाढीला लगाम : कपाशीची उंची, बाटलीतले औषध आणि बियाण्यातला गुण



सुरतेतील आपल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांचे एक पाऊल शहरात आणि दुसरे गावच्या शेतात असते. उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत राहायचे, यंत्रमागावर किंवा साडीच्या कारखान्यात काम करायचे, आणि जमीन मात्र नवापूर, नंदुरबार, शहादा किंवा जळगावकडे; तिथे भाऊ नाहीतर वडील कपाशी बघतात. पाऊसकाळात गावाहून निरोप येतो : “कपाशी माजली आहे. पानेच पाने आहेत, पाते धरत नाही. दुकानदार वाढ थांबवायचे औषध देतो आहे. मारावे का?” असे प्रश्न दर पावसाळ्यात येतात, म्हणून या वेळच्या शेती व आरोग्याच्या पानावर हाच धडा घेत आहोत. झाडाची वाढ कशाने होते, ती औषधाने कशी आवरते, बियाण्यातूनच कशी आवरता येते, आणि या सगळ्यात शेतकऱ्याच्या खिशाचे व जिवाचे काय होते, ते आपण क्रमाने पाहू.

१. झाड वाढते म्हणजे काय होते?

माणसाच्या शरीरात जसे काही रस अगदी थोड्या प्रमाणात असून मोठी कामे करतात, तसेच झाडातही असतात. त्यांना संजीवके म्हणतात. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन खाली उतरत राहते आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवते. म्हणून शेंडा असेपर्यंत झाड वर जाते, आणि शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या जोर धरतात. आपल्या आजीला ऑक्झिन हे नाव ठाऊक नव्हते, पण तुळशीचा शेंडा खुडला की ती भरगच्च होते हे तिला पक्के ठाऊक होते.

दुसरे संजीवक जिबरेलिन. याचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. जपानी शेतकरी भाताच्या काही रोपांना ‘बाकानाए’ म्हणजे ‘वेडी रोपे’ म्हणत. ही रोपे इतरांपेक्षा भराभर उंच होत, फिकट पडत आणि बहुधा दाणा न भरताच कोलमडत. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवले की, हा रोग आणणाऱ्या बुरशीतून एक द्रव्य सुटते आणि तेच रोपाला ताणते. १९३५ साली याबुता यांनी ते द्रव्य वेगळे काढून त्याला जिबरेलिन हे नाव दिले. पुढे कळले की हे द्रव्य निरोगी झाडेही स्वतः बनवतात. दोन पेरांमधले अंतर लांबवणे हे त्याचे मुख्य काम.

एवढे लक्षात आले की पुढचा सगळा धडा सोपा आहे. झाडाला बुटके ठेवायचे तर दोन मार्ग आहेत. एक, झाडाला जिबरेलिन बनवू न देणे. हे औषधाने होते. दुसरा, जिबरेलिन कमी बनवणारे किंवा त्याला दाद न देणारे बियाणेच निवडणे. हे वाणाने होते.

२. बाटलीतले औषध काय करते?

मेपिक्वाट क्लोराईड, क्लोरमेक्वाट क्लोराईड (द्राक्षबागायतदार ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतात) आणि पॅक्लोब्युट्राझोल ही तिन्ही औषधे झाडातील जिबरेलिन तयार होण्याच्या वाटेत आडवी येतात. झाड मरत नाही. नवी येणारी पेरे तेवढी आखूड पडतात, पाने लहान, जाड व गडद हिरवी होतात, आणि जे अन्न काडी-पानांत गेले असते त्यातले काही पाते व बोंडांकडे वळण्याची संधी मिळते.

‘संधी मिळते’ असेच आम्ही मुद्दाम म्हणतो. औषध झाडात नवे अन्न निर्माण करीत नाही. बोंड भरायला लागणारी पाने, पाणी आणि खत आधीच हजर असले पाहिजे. म्हणूनच काळ्या भारी जमिनीत, भरपूर पाणी आणि भरपूर युरिया मिळालेल्या कपाशीला याचा फायदा दिसतो. पण हलक्या मुरमाड जमिनीत, पाऊस लांबलेला असताना, आधीच खुरटलेल्या कपाशीवर हेच औषध मारले तर उरलीसुरली वाढही बसते आणि नुकसान होते. शेजाऱ्याने मारले म्हणून आपण मारले, हे इथे अजिबात चालत नाही. शेजाऱ्याचे शेत नदीकाठचे असेल आणि आपले टेकडीचे.

आणखी एक गोष्ट. कपाशी माजण्याचे कारण बहुधा आपल्याच हातात असते. युरियाचा जादा हप्ता, दाट पेरणी, गरजेपेक्षा अधिक पाणी आणि दुकानातून आणलेली ‘टॉनिके’ यांनी कपाशी माजते. काही शेतांत तर श्रावणात वाढीचे टॉनिक आणि भाद्रपदात वाढ थांबवायचे औषध, असे दोन्ही मारले जाते. एकाच झाडाला आधी पळवायचे आणि मग लगाम खेचायचा, आणि पैसे दोन्ही वेळा मोजायचे! म्हणून पहिला उपाय युरिया आवरणे. दुसरा उपाय हाताचा : पीक सुमारे तीन महिन्यांचे झाले आणि पुरेशा फळफांद्या लागल्या की शेंडा खुडणे. बुडाजवळच्या ज्या फांद्या नुसत्या वाढतात, ज्यांना आता गळफांद्या म्हणतात, त्या लवकर काढून टाकणे हाही काही शेतकऱ्यांनी रूढ केलेला उपाय आहे. औषधाची पाळी यानंतर.

३. सुरतेचे देणे : संकर-४

कपाशीच्या वाढीचा विचार करताना सुरतेचे नाव घ्यावेच लागते. जगात शेतकऱ्याच्या शेतात व्यापारी लागवडीसाठी गेलेला कपाशीचा पहिला संकरित वाण याच शहरातल्या कापूस संशोधन केंद्रात तयार झाला. डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘गुजरात-६७’ आणि ‘अमेरिकन नेक्टरीलेस’ या दोन वाणांचा संकर करून १९७० साली ‘संकर-४’, म्हणजेच एच-४, शेतकऱ्यांच्या हाती दिला. ते केंद्र आज नवसारी कृषी विद्यापीठाकडे आहे. अठवा भागातून जाता-येता आपल्यापैकी कितीजणांच्या हे लक्षात येत असेल?

संकरित बियाण्यात जोम असतो. झाड उंच, पसरट, पुष्कळ बोंडांचे होते आणि शेतात दीर्घ काळ उभे राहते. त्यामुळे उत्पन्न वाढले, आणि देशात संकरित कपाशीचे युग सुरू झाले. पण या जोमाबरोबर तीन गोष्टी आल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत.

पहिली, बियाणे दरवर्षी विकत घेणे आले. घरची सरकी पेरली तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत.

दुसरी, हे बियाणे हाताने तयार करावे लागते. दुपारनंतर उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर हलक्या हाताने काढायचे, खुणेसाठी कागदी पिशवी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्या फुलाला लावायचे. एकेक फूल असे करायचे. हे काम बारीक बोटांचे म्हणून गुजरात व आंध्र प्रदेशातील बीजोत्पादनाच्या शेतांत गरिबांची, त्यातही आदिवासींची मुले शाळा सोडून राबवली गेली, ही गोष्ट अनेक अहवालांतून पुढे आली. बियाण्याची पिशवी हातात घेताना ही लहान बोटे आपण विसरू नयेत. आणि आपल्या नात्यागोत्यातले कोणी मुकादमाबरोबर मुलांना अशा कामावर पाठवत असेल तर त्यांना थांबवणे हे आपले कर्तव्य आहे. चौदा वर्षांखालील मुलाला असे कामावर ठेवणे कायद्यानेही गुन्हा आहे.

तिसरी, झाड मोठे आणि दीर्घ मुदतीचे झाल्याने ओळींत अंतर अधिक ठेवावे लागते आणि शेत सहा-सहा महिने अडकते. १२० बाय ४५ सेंटीमीटरवर लावली तर हेक्टरी साधारण १८,५०० झाडे बसतात. आता नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसह अनेक ठिकाणी याच्या उलट विचार पुढे आला आहे : झाड लहान, आटोपशीर, लवकर येणारे घ्यावे, आणि ९० बाय १५ सेंटीमीटरवर दाट लावावे. मग हेक्टरी सुमारे ७४,००० झाडे बसतात. प्रत्येक झाडाला बोंडे थोडी, पण झाडे पुष्कळ. या सघन लागवडीत झाडे एकमेकांवर चढू नयेत म्हणून मेपिक्वाट क्लोराईडची शिफारस केली जाते. म्हणजे औषधाला खरी जागा आहे ती इथे, ठरवून केलेल्या लागवडीत. माजलेल्या कपाशीवर घाबरून मारलेल्या फवाऱ्यात नव्हे.

४. बुटकेपणा बियाण्यातच असेल तर?

औषध दरवर्षी विकत घ्यावे लागते. गुण मात्र बियाण्यात उतरला की कायमचा. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या ताटातच आहे. पूर्वीचा गहू उंच असे. खत दिले की ओंबी जड होई आणि पीक लोळे. जपानच्या ‘नोरिन-१०’ या बुटक्या गव्हाचा गुण डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोच्या गव्हांत आणला. १९६० नंतरच्या दशकात ते गहू डॉ. स्वामिनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने भारतात आले. भातातही १९६६ साली फिलिपाइन्समधून आय.आर.-८ हा बुटका वाण बाहेर पडला. बोरलॉग यांना १९७० साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. सुरतेचा संकर-४ ही त्याच सालचा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हे वाण बुटके का, याचे नेमके उत्तर मात्र पुढे तीस-पस्तीस वर्षांनी मिळाले. १९९९ साली कळले की बुटका गहू जिबरेलिनला पुरती दाद देत नाही, आणि २००२ साली कळले की बुटक्या भातात जिबरेलिन बनवण्याचीच एक पायरी अधू आहे. म्हणजे जे काम बाटलीतले औषध करते, तेच काम निसर्गाने एका बारीकशा बदलाने आधीच करून ठेवले होते. शेतकऱ्याने व शास्त्रज्ञाने ते ओळखले आणि निवडले.

इथे तीन शब्दांची गल्लत होऊ देऊ नये. एकाच जातीच्या पिकातले चांगले नर-मादी निवडून संकर करणे, ही जुनी विद्या. गव्हाचा बुटकेपणा आणि सुरतेचा संकर-४ हे त्यातले. दुसऱ्याच कुठल्या जिवाचे जनुक प्रयोगशाळेत पिकात घालणे म्हणजे जनुकबदल. बीटी कपाशी त्यातली. आणि पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमक्या जागी दुरुस्ती करणे म्हणजे जनुक-संपादन. भारतीय कृषी संशोधन परिषदेने मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातला ‘कमला’ हा सांबा मसुरी भातापासून केलेला आहे. त्यात सायटोकायनिन या संजीवकाची मोडतोड करणाऱ्या जनुकात बदल केला आहे, जेणेकरून लोंबीत अधिक दाणे धरावेत. म्हणजे संजीवके आणि जनुके या दोन वाटा आता एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या आहेत.

५. अळीचा गुण म्हणजे वाढीचा गुण नव्हे

“बीटी बियाणे आहे, आता झाड आपोआप जोमाने वाढेल,” असे पुष्कळजण समजतात. ते खरे नाही. बीटीचे जनुक जमिनीतल्या एका जिवाणूकडून घेतलेले असून, बोंडअळीला मारक असे प्रथिन झाडात तयार करणे एवढेच त्याचे काम आहे. झाडाची उंची, जोम आणि मुदत ठरते ती त्या संकराच्या आई-बापावरून. एकाच जनुकाचे दोन वाण शेतात अगदी निराळे वागतात ते यामुळेच.

या बियाण्याचा इतिहास गुजरातशी जवळून जोडलेला आहे. २००१ साली बोंडअळीने गुजरातेत कपाशी खाल्ली, तेव्हा ‘नवभारत-१५१’ या वाणाची शेते मात्र उभी राहिली. तपासात त्यात मान्यता न मिळालेले बीटी जनुक सापडले. केंद्राच्या समितीने पीक नष्ट करण्याचा हुकूम काढला, पण बराच कापूस तोवर बाजारात गेला होता. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीच्या तीन संकरांना रीतसर परवानगी मिळाली, आणि २००६ साली दोन जनुकांची कपाशी आली. सुरुवातीची वर्षे फवारे कमी झाले, उत्पन्न चांगले आले. हे नाकारण्याचे कारण नाही.

पण २०१० साली जाहीर झाले की अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी एक जनुकाच्या कपाशीला दाद देत नाही. पुढच्या काही वर्षांत दोन जनुकांच्या कपाशीचेही तेच झाले. कारणे शेतकऱ्यांच्या ओळखीची आहेत. भोवती साध्या कपाशीच्या आश्रय-ओळी लावायच्या होत्या, त्या कोणी लावल्या नाहीत. दीर्घ मुदतीची कपाशी महिनोन् महिने उभी राहिली. वर फरदड घेतली गेली, म्हणजे अळीला बारमाही घर मिळाले. म्हणून आज सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे कमी मुदतीची, आटोपशीर कपाशी घेणे, ती डिसेंबरअखेर संपवणे, फरदड न घेणे आणि पऱ्हाट्या शेताच्या बांधावर रचून न ठेवणे. पाहा, वाढ आवरण्याचा प्रश्न फिरून अळीच्या प्रश्नाला कसा येऊन मिळतो!

तणनाशकाला न मरणारी कपाशी म्हणून बिलाविना विकल्या जाणाऱ्या पिशव्यांविषयीही सावध राहावे. तिला मान्यता नाही. बियाणे उगवले नाही किंवा फसले, तर बिल नसलेल्या माणसाला दाद मागायला जागा उरत नाही.

६. हिरवळीची गोष्ट

वाढ आवरण्याची ही विद्या परदेशात धान्याबरोबरच गवतावरही वापरली जाते! खेळाची मैदाने, बागा आणि रस्त्याकडेच्या हिरवळी वारंवार कापाव्या लागू नयेत म्हणून १९५० च्या सुमारास मॅलिक हायड्राझाइड आले, आणि पुढे ट्रिनेक्सापॅक-इथाइलसारखी जिबरेलिन रोखणारी औषधे आली. गवत जिवंत व हिरवे राहते, पण काही आठवडे उंच होत नाही.

मग तणनाशकाने न मरणारे गवतच बियाण्यातून काढण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात २००३ साली गोल्फच्या मैदानासाठी अशा जनुकबदल केलेल्या गवताची चाचणी-लागवड होती. गवताचे पराग वाऱ्यावर उडतात. ते २१ किलोमीटर अंतरापर्यंत जाऊन दुसऱ्या गवताला लागल्याचे २००४ साली शास्त्रज्ञांनी नोंदवले. २००७ साली संबंधित कंपनीने पाच लाख डॉलरचा दंड मान्य केला. तरीही ते गवत पुढे कालव्यांच्या काठी उगवलेले सापडत राहिले. शेतकऱ्यांची अडचण अशी, की नेहमीच्या तणनाशकाने ते मरतच नाही. कपाशीचे पराग जड व चिकट असल्याने ते असे दूर उडत नाहीत. म्हणून एका पिकाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लावू नये. पण धडा मात्र घ्यावा : बाटलीतले औषध काही आठवड्यांत विरते, बियाण्यातला गुण एकदा वाऱ्यावर गेला की परत बोलावता येत नाही.

आपल्या समाजातले काही बांधव सुरतेत बंगल्यांवर व शाळांच्या मैदानांवर माळीकाम करतात. त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याकडची हिरवळ बहुधा हरळीची असते. शेतात ही वैरीण, पण मैदानावर मैत्रीण. कारण ती जमिनीसरशी पसरते आणि तुडवली तरी जगते. तिला आवरायला महागडे औषध लागत नाही. युरिया कमी द्यावा, पाणी बेताने द्यावे, आणि एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये. चर्चच्या आवारात आणि दफनभूमीत तर हाताने कापणेच बरे. तिथे मुले खेळतात आणि माणसे गुडघे टेकतात.

७. आंब्याच्या मुळाशी

वलसाड-नवसारीकडे किंवा कोकणात ज्यांची आंब्याची कलमे आहेत, त्यांना पॅक्लोब्युट्राझोल ‘कल्टार’ या नावाने ठाऊक असते. हे फवारायचे नसते, मुळाशी द्यायचे असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी : झाडाच्या घेराचा व्यास मीटरमध्ये मोजून दर मीटरला ३ मिलिलिटर, म्हणजे पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक, पाण्यात मिसळून, घेराच्या आत खड्डे घेऊन, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या सुमारास. पालवी आवरते आणि मोहोर लवकर व नेमाने येतो. पण हे औषध मातीत दीर्घ काळ राहते. मक्त्याने बाग घेतलेला व्यापारी दोन वर्षांत जास्तीत जास्त फळ काढायच्या लोभाने दुप्पट-तिप्पट देतो, आणि मग पेरे आखडलेले, थकलेले झाड मालकाच्या गळ्यात राहते. बाग मक्त्याने देताना औषधाचे प्रमाण कागदावर लिहून घ्यावे, आणि खत-पाण्याची जबाबदारीही.

८. मापाचा हिशेब

या औषधांत सर्वांत मोठी चूक मापाची होते. झाकणाने किंवा अंदाजाने ओतणे हे कीटकनाशकालाही वाईटच, पण संजीवकाला तर फारच वाईट. हा हिशेब घरातल्या शाळकरी मुलाकडून एकदा करून घ्यावा.

लेबलवर ‘५ टक्के’ लिहिले असेल, तर १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम खरे औषध असते. ‘५० टक्के’ लिहिले असेल, तर १ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम. १० लिटर पाण्यात १० मिलिग्रॅम औषध म्हणजे दहा लाखात एक भाग. म्हणजे १० लिटर पाण्यात पहिल्या बाटलीतले १ मिलिलिटर टाकले तर दहा लाखात ५ भाग होतात, आणि दुसऱ्या बाटलीतले १ मिलिलिटर टाकले तर ५० भाग. मेपिक्वाट बहुधा ५ टक्के आणि क्लोरमेक्वाट ५० टक्के अशी मिळते. ‘दोन्ही वाढ थांबवायचीच औषधे’ असे म्हणून एकाचे माप दुसऱ्याला लावले, तर दसपट औषध पडेल आणि कपाशी जागच्या जागी बसेल.

दुसरे, जुना हातपंप १० लिटरचा होता. आताचे बॅटरीचे पंप १६ लिटरचे असतात. शिफारस कोणत्या पंपाची आहे हे विचारून घ्यावे. एकरी किती, हेही विचारावे. शंका असेल तर दुकानदाराऐवजी कृषी विज्ञान केंद्राला विचारावे. सल्ला फुकट मिळतो, आणि तो देणाऱ्याला बाटली विकायची नसते.

९. उंच कपाशी आणि फवारणाऱ्याचा जीव

आता आरोग्याची बाजू, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. घातक औषधे, त्यांची मिश्रणे, संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणे होतीच. पण त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच आणि दाट झाली होती, हेही एक कारण पुढे आले. कमरेइतक्या पिकावर फवारा खाली पडतो; डोक्याइतक्या पिकात तो तोंडावर, डोळ्यांत आणि श्वासात येतो. दाट पिकात वारा नसतो, घाम येतो, आणि ओल्या कातडीतून विष लवकर शिरते.

म्हणून झाड आटोपशीर ठेवणे ही नुसती उत्पन्नाची गोष्ट नाही, ती फवारणाऱ्या मजुराच्या जिवाची गोष्ट आहे. पीक छातीच्या वर गेले असेल, तर मजुराला आत धाडू नये. फवारणी सकाळी, वाऱ्याच्या दिशेने फवारा सोडत, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा व तोंडावर मास्क घालून करावी. उपाशीपोटी करू नये. दोन-चार औषधे एकत्र कालवू नयेत. वाढरोधक तर लेबलवर सांगितले नसेल तर कीटकनाशकात मिसळूच नये. डब्यावरचा त्रिकोण पाहावा : लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना आणि मुलांना या कामाजवळ येऊ देऊ नये. रिकामी बाटली घरात तेला-पाण्याला वापरू नये. वाढरोधक हे ‘विष नव्हे, टॉनिक आहे’ असे कोणी सांगितले तरी ऐकू नये. पोटात गेले तर तेही जीव घेऊ शकते.

डोके दुखणे, मळमळ, फार घाम, तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांपुढे अंधुक होणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसली, तर माणसाला लगेच शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे. कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दूध-तूप पाजत बसू नये. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवावे. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि औषधाची बाटली लेबलसकट डॉक्टरकडे न्यावी. कारण उतारा कोणता द्यायचा हे त्यावर ठरते.

१०. श्रद्धेच्या दृष्टीने

जनुकबदल करणे पाप आहे का, असेही काहीजण विचारतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या विषयाचा विचार केला आहे. त्याचा आशय असा की, या विद्येविषयी सरसकट ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ असा एकच निवाडा देणे कठीण आहे. अशा धान्याने माणसाला अपाय होतो असा निर्णायक पुरावा नाही, हे ते मान्य करतात. पण त्याचबरोबर विचारतात की जमीन आणि बियाणे थोड्यांच्या हाती तर जात नाही ना, आणि लहान शेतकरी उखडला तर जात नाही ना. सर्वांना खरी माहिती मिळून मोकळी चर्चा व्हावी, असा त्यांचा आग्रह आहे.

आपल्या प्रभूने द्राक्षवेलीच्या छाटणीचा दाखला दिला, आणि फळ न देणाऱ्या अंजिराभोवती खणून खत घालण्याचाही दिला. लगाम घालणे आणि पोसणे ही दोन्ही कामे शेतकऱ्याचीच आहेत; कधी कोणते करायचे हे ओळखणे म्हणजे शहाणपण. वाढ ही परमेश्वराची देणगी आहे, पण नुसत्या पानांनी घर चालत नाही, आणि बोंडांच्या लोभाने मजुराचा जीव गेला तर त्या कापसाची साडी कोणाला शोभणार?

लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न :

१) आपल्या गावच्या शेतात यंदा एकरी किती युरिया गेला? शेजारच्या शेताशी व मागच्या वर्षाशी ताडून पाहा.

२) घरात असलेल्या औषधाच्या बाटलीवरचे टक्के, त्रिकोणाचा रंग आणि मुदत मोठ्याने वाचून दाखवा. ते कोणाला वाचता आले नाही तर कोणाची मदत घ्याल?

३) आपल्या शेतात फवारणी कोण करतो? त्याच्याजवळ चष्मा, हातमोजे व मास्क आहे का? नसल्यास पुढच्या फवाऱ्याआधी तो कोण आणून देणार, त्याचे नाव ठरवा.

४) कपाशी डिसेंबरअखेर काढून त्या जागी हरभरा किंवा गहू घेता येईल का? गावी फोन करून या आठवड्यातच विचारा.